जड कपाट आणि लॅमिनेटची जमीन : कारागिराने आधी सांगावयाच्या गोष्टी

घर व दुकान सजविण्याच्या व्यवसायात गेल्या काही वर्षांत जी नवी कामे आपल्या कारागिरांच्या हाती आली, त्यांत लॅमिनेट फ्लोअरिंग हे एक होय. डहाणू व तलासरी तालुक्यांत आजही कोटा, शहाबादी आणि सिरॅमिक टाइल्स हीच नेहमीची जमीन आहे. परंतु किनाऱ्यावरचे बंगले, लहान हॉटेले, दवाखाने, कार्यालये आणि कपड्यांची दुकाने अशा ठिकाणी लाकडासारखी दिसणारी जमीन मागणारा ग्राहकही आता भेटतो. शिवाय 2013 पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागल्याने इथला सुतार विरार-वसईच्या सदनिकांतील कामे घेऊ शकतो, तर तलासरीच्या कारागिराला महामार्गाने उंबरगाव व वापी जवळ पडते. तेथे हे काम नेहमीचे आहे.

काम अवघड नाही. दोन माणसे एका दिवसात एक खोली पूर्ण करतात. अडचण येते ती नंतर. खोली चकचकीत दिसत असताना टेम्पो येतो, कपाट उतरते, ते ओढत भिंतीशी नेले जाते आणि दारापासून भिंतीपर्यंत पांढरी रेघ उमटते. किंवा सहा महिन्यांनी, पहिल्या पावसाळ्यात, खोलीच्या मध्यभागी जमीन फुगून वर येते. मग ग्राहक फळ्या बसविणाऱ्याला बोलावतो, तो फर्निचरवाल्याकडे बोट दाखवितो, फर्निचरवाला हमालांकडे, हमाल टेम्पोवाल्याकडे. शेवटी ज्याचे पैसे बाकी असतात त्याचेच पैसे अडकतात, आणि तो बहुधा कारागीर असतो.

हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे आणि त्याला खर्चही फार नाही. लॅमिनेटची जमीन वजनाने सहसा बिघडत नाही. वजन कोणत्या टोकावर पडते, ते कसे हलविले जाते, जमिनीला कोठे जखडले जाते आणि खाली ओल किती आहे, या चार गोष्टींनी ती बिघडते. या चारही गोष्टी काम सुरू होण्यापूर्वी ग्राहकाला सांगता येतात. सांगणारा कारागीर आपली मजुरीही वाचवितो आणि आपले नावही.

हे लाकूड नव्हे

ग्राहक याला 'वुडन फ्लोअरिंग' म्हणतो. विक्रेत्यानेही तोच शब्द वापरून माल विकणे योग्य नव्हे, कारण हे सागवान किंवा ओकची फळी नसते. 1977 मध्ये स्वीडनमधील पेर्स्टोर्प या कंपनीने ही जमीन प्रथम तयार केली. फर्निचरवर आपण जो सनमायका चिकटवितो, त्याच जातीचा पृष्ठभाग पायाखाली वापरावा, अशी ती कल्पना होती. पुढे 1996-97 च्या सुमारास गोंदाशिवाय, एकमेकांत खटक्याने अडकणाऱ्या फळ्या निघाल्या आणि हे काम जगभर पसरले.

एका फळीत चार थर असतात. सर्वांत खाली ओलाव्यापासून संरक्षण देणारा व फळी वाकू न देणारा कागदी थर. त्यावर लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला घट्ट बोर्ड, ज्याला बाजारात एचडीएफ म्हणतात. फळीची बहुतेक जाडी याचीच. त्यावर लाकडाचे चित्र छापलेला कागद. आणि सर्वांत वर मेलामाइन राळेचा पारदर्शक थर, ज्यात अॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण मिसळलेले असतात. हाच पदार्थ सुतार बांधव घासण्याच्या कागदावर रोज वापरतात. हे कण फार कठीण, परंतु त्यांना धरून ठेवणारी राळ तितकी कठीण नसते. म्हणून चालण्याने ही जमीन लवकर झिजत नाही, पण खुर्चीच्या पायाखाली सापडलेला वाळूचा एक खडा तिच्यावर ओरखडा उमटवितो. डहाणू, बोर्डी, घोलवडसारख्या किनारी गावांत तर चपलांबरोबर वाळू घरात येतेच.

खोक्यावर एसी-3, एसी-4, एसी-5 असे दर्जे छापलेले असतात. आकडा मोठा म्हणजे जमीन जास्त वजन पेलते, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. हा दर्जा मुख्यतः झीज किती सहन होते हे सांगतो. दुकानासाठी वरचा दर्जा घ्यावा हे खरे, परंतु एसी-5 ची फळीही लोखंडी पायाच्या टोकाखाली दबते. आणि लाकडाप्रमाणे तिला रंधा मारून किंवा घासून पुन्हा नवी करता येत नाही, कारण वरचा थर मिलिमीटरच्या अंशाइतकाच असतो. तो गेला की फळीच बदलावी लागते.

वजन नव्हे, टोक घातक

एक साधा हिशेब पाहू. समजा, सामानाने भरलेल्या लोखंडी कपाटाचे वजन 160 किलो आहे. चार पायांवर प्रत्येकी 40 किलो आले. पाय जर एक इंची गोल पाइपचे असतील आणि त्यांची प्लास्टिकची टोपी फाटून गेली असेल, तर जमिनीला टेकते ती फक्त पाइपची कड. साधारण सव्वा मिलिमीटर जाडीच्या पाइपची ही कड जेमतेम 0.9 चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे 44 किलोचा दाब झाला.

आता त्याच पायाखाली 10 सेंटिमीटर लांब व 10 सेंटिमीटर रुंद असा प्लायचा तुकडा ठेवा. तेच 40 किलो 100 चौरस सेंटिमीटरवर पसरतील. दाब झाला 0.4 किलो. कपाट तेच, वजन तेच, जमीन तीच. दाब मात्र शंभरपटीहून कमी झाला. यासाठी लागतो तो प्लायचा टाकाऊ तुकडा, जो प्रत्येक सुताराच्या कारखान्यात कोपऱ्यात पडलेला असतो.

तुकडा मात्र जाड हवा. 12 किंवा 18 मिलिमीटरचा प्लाय वाकत नाही, म्हणून वजन कडांपर्यंत पोहोचते. 4 मिलिमीटरचा प्लाय पायाखाली मध्येच दबतो आणि त्याचा उपयोग निम्माही राहत नाही. तुकड्याच्या कडा घासून गोल कराव्यात, पाय मध्यावर बसावा म्हणून वर थोडी खाच घ्यावी, आणि सर्व बाजूंनी पॉलिश किंवा रंग द्यावा म्हणजे पुसताना पाणी आत शिरणार नाही.

दुसरी काळजी पाणसळीची. जमीन किंचित उंचसखल असेल तर चार पायांचे कपाट समोरासमोरच्या दोन पायांवर उभे राहते व बाकीचे दोन अधांतरी असतात. मग प्रत्येक पायावर 40 ऐवजी 80 किलो येतात. कपाट हाताने हलवून पाहावे. डुगडुगत असेल तर पायाचा स्क्रू फिरवून किंवा पाचर देऊन चारही पाय सारखे टेकवावेत.

ओरखडा वेगळा, खळगा वेगळा

बाजारात पायांना चिकटविण्याच्या नमद्याच्या टिकल्या मिळतात. त्या लावल्या की काम झाले असे समजले जाते. पण नमदा ओरखडा थांबवितो. वजन पसरवीत नाही. तो मऊ असल्याने पायाबरोबर दबतो आणि खळगा पडायचा तो पडतोच. म्हणून दोन प्रकारच्या सामानाला दोन उपाय लागतात.

जे सामान रोज हलते, म्हणजे खुर्च्या, स्टुले, लहान टेबले, त्यांना नमदा पुरेसा आहे. तो पायाच्या पूर्ण तळाएवढा कापावा. दमट हवेत चिकट टिकल्या सरकतात, त्यांच्या कडेचा गोंद उघडा पडतो व त्यावर वाळू चिकटते. असा नमदा म्हणजे घासण्याचा कागदच. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी खुर्च्या उलट्या करून पाहाव्यात आणि मळलेला नमदा बदलावा. खिळ्याने ठोकलेला नमदा जास्त टिकतो, पण झिजल्यावर खिळ्याचे डोके जमिनीला लागते, हे ग्राहकाला सांगून ठेवावे.

जे सामान एका जागी राहते, म्हणजे कपाट, पलंग, शोकेस, फ्रिज, त्यांना जाड प्लायची बैठक आणि तिच्या खाली नमदा, असे दोन्ही द्यावे. प्लाय वजन पसरवितो, नमदा घर्षण वाचवितो.

रबर टाळावे. रबरी टोप्या व रबरी तळाची पायपुसणी यांतील रसायने लॅमिनेटच्या थरात हळूहळू उतरतात आणि पिवळा-तपकिरी डाग पडतो. तो पुसून जात नाही. दिसायला मऊ म्हणून अनेक जण फ्रिजखाली जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवतात. त्याऐवजी प्लाय व नमदाच ठेवावा.

कार्यालयातील चाकांच्या खुर्च्यांबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. युरोपीय मानकाप्रमाणे एकरंगी कडक चाके गालिच्यासाठी, तर मऊ धावेची दुरंगी चाके कठीण जमिनीसाठी असतात. लॅमिनेटवर दुसऱ्या प्रकारची घ्यावीत. ती मिळाली नाहीत तर टेबलाखाली जाड पारदर्शक चटई अंथरावी.

जमिनीला हलू द्या

टाइल सिमेंटला चिकटलेली असते. लॅमिनेट तसे नसते. ते खालच्या जमिनीवर नुसते टेकलेले असते. खिळा नाही, गोंद नाही. कारण एचडीएफ पावसाळ्यात हवेतील ओलावा घेऊन किंचित फुगते व कोरड्या दिवसांत आक्रसते. या हालचालीसाठी भिंतीलगत सर्व बाजूंनी 8 ते 10 मिलिमीटर, म्हणजे सुताराच्या भाषेत तीन सूत, जागा मोकळी ठेवतात आणि वरून स्कर्टिंगने झाकतात. खोलीची लांबी जास्त असेल, साधारण 8 ते 10 मीटरच्या पुढे, तर मध्ये जोडपट्टी देतात. नेमका आकडा प्रत्येक कंपनीच्या पत्रकात असतो. पत्रक वाचल्याशिवाय खोके फोडू नये.

आता जड सामानाचा प्रश्न येथे येतो. एका भिंतीशी भिंतभर कपाट आणि समोरच्या भिंतीशी तितकीच जड पुस्तकांची किंवा मालाची मांडणी ठेवली तर जमीन दोन्ही टोकांना दाबून धरली जाते. पावसाळ्यात ती फुगते, भिंतीकडे सरकायला वाट नसते, म्हणून मध्ये उचलली जाते. हिवाळ्यात उलट होते आणि सांधे उघडतात. ग्राहकाला वाटते माल हलका होता. प्रत्यक्षात माल चांगला असतो. त्याला जखडलेले असते.

उपाय सोपा आहे, पण तो कामाच्या क्रमात आहे. जे सामान कायमचे आहे, म्हणजे स्वयंपाकघरातील ओट्याखालची कपाटे, भिंतीत बसविलेले वॉर्डरोब, दुकानाचे जड काउंटर, ते आधी मूळ फरशीवर बसवावे. मग लॅमिनेट त्याच्यापर्यंत आणून तेथेही तीन सूत जागा सोडावी व पट्टीने झाकावी. यात ग्राहकाच्या फळ्याही कमी लागतात, आणि हे त्याला सांगणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे. साधा पलंग, सोफा, हलणारे कपाट यांनी जमीन जखडली जात नाही. ते लॅमिनेटवर ठेवावेत. लॅमिनेटमधून आरपार स्क्रू मारून काहीही खालच्या फरशीला पक्के करू नये, दाराचा स्टॉपरसुद्धा नाही.

फळ्यांखालचा फोमही मोलाचा आहे. 'जाड फोम टाका, पाय मऊ लागेल', असे ग्राहक म्हणतो. परंतु जाड व मऊ फोमवर जड पाय टेकला की फळी खाली लवते आणि खटक्याची जीभ तुटते. 2 ते 3 मिलिमीटरचा घट्ट फोम योग्य. खालची जमीनही सपाट हवी. दोन मीटर लांब सरळ पट्टी ठेवल्यावर खाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त खळगा दिसला तर तो आधी भरून घ्यावा. नेमक्या अशा खळग्यावर कपाट आले तर सांधा टिकत नाही.

खालची ओल

डहाणूच्या किनारपट्टीवर तळमजल्याच्या जमिनीत ओल असणे ही नित्याची गोष्ट आहे. जड कपाटाखाली हवा खेळत नाही, ओल तेथेच साठते आणि बोर्ड प्रथम तेथेच फुगतो. कपाट उचलेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून फळ्या टाकण्यापूर्वी दोन फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून किमान एक दिवस-रात्र ठेवावे. आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले किंवा फरशी काळवंडली तर काम थांबवावे. ओल नसली तरी फोमखाली जाड प्लास्टिकचा कागद, सांधे एकमेकांवर चढवून, अंथरावा. फळ्यांची खोकी ज्या खोलीत काम करायचे तेथे 48 तास आडवी ठेवावीत, म्हणजे त्या हवेशी त्या जुळवून घेतात.

पाणी वरूनही येते. फ्रिजच्या मागचे पाणी, माठाखालची ओल, माशांची काचपेटी ही त्याची ठिकाणे. 90 सेंटिमीटर लांब, 40 रुंद व 45 उंच पेटीत सुमारे 160 लिटर पाणी, म्हणजे 160 किलो वजन असते. काच व स्टँड निराळे. अशा पेटीचा स्टँड चार टोकांच्या पायांवर न ठेवता सलग पाटावर ठेवावा, आणि खाली कड असलेला ट्रे द्यावा. लोखंडी पायाखाली पाणी साचले की गंजाचा डागही पडतो.

भूकंपाचे धक्के आणि उंच कपाटे

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, जी कंपनीच्या पत्रकात सापडत नाही. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. बहुतेक धक्के सौम्य होते, परंतु काहींची तीव्रता 4 च्या आसपास गेली. भिंतींना तडे गेले आणि थंडीच्या दिवसांत अनेक कुटुंबांनी रात्री घराबाहेर काढल्या. अशा भागात उंच व जड कपाट हा जमिनीच्या सौंदर्याचा नव्हे, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

येथे एक पेच दिसतो. जमीन मोकळी हवी म्हणून कपाट खाली पक्के करता येत नाही. आणि पायाखाली नमदा लावला की गुळगुळीत लॅमिनेटवर ते पूर्वीपेक्षा सहज सरकते. मग ते धक्क्यात स्थिर कसे राहणार? उत्तर असे की, कपाट जमिनीला नव्हे, भिंतीला धरावे. वरच्या कडेजवळ दोन्ही बाजूंना लोखंडी एल-पट्टी लावून ती विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत योग्य प्लग व स्क्रूने पक्की करावी. लाकडी कपाटात स्क्रू चौकटीच्या जाड लाकडात घ्यावा. मागच्या पातळ प्लायमध्ये घेतलेला स्क्रू धक्क्यात फाटून येतो. लोखंडी कपाटात पत्र्याच्या आतून मोठा वॉशर देऊन बोल्ट काढावा. हलक्या एएसी ब्लॉकची भिंत असेल तर साधा प्लग धरत नाही. त्यासाठीचा खास प्लग मागून घ्यावा. असे केल्यावर वरचा तोल भिंत सांभाळते, खाली नमद्यावरून जमीन आपली सरकत राहते, आणि दोन्ही कामे साधतात.

जड वस्तू खालच्या कप्प्यांत ठेवाव्यात, कपाटाच्या माथ्यावर पेट्या रचू नयेत, आणि झोपण्याच्या जागेवर पडेल अशा ठिकाणी उंच कपाट उभे करू नये, हे सांगणेही सुताराचे काम आहे. ज्याने कपाट केले त्याच्याइतके त्याचे वजन कोणाला ठाऊक असणार?

हलविताना

सर्वांत जास्त नुकसान पहिल्या अर्ध्या तासात होते. म्हणून सामान येण्यापूर्वी दारापासून ठेवण्याच्या जागेपर्यंत जमीन झाडून घ्यावी आणि वाटेवर गुळगुळीत प्लायचे किंवा जाड पुठ्ठ्याचे तुकडे अंथरावेत. कपाट रिकामे करावे, कप्पे व दारे निघत असतील तर काढावीत. उचलून न्यावे. उचलणे अशक्यच असेल तर पायांखाली दुमडलेली गोधडी किंवा सतरंजी घालून हळू सरकवावे. गोणपाट वापरू नये, त्यात रेती अडकलेली असते. कपाट एका कोपऱ्यावर उभे करून 'चालवीत' नेण्याची हमालांची पद्धत टाइलवर चालते. लॅमिनेटवर त्या एका कोपऱ्याचा खळगा कायमचा राहतो. हातगाडीची लहान लोखंडी चाके थेट फळ्यांवर आणू नयेत.

हमाल बांधवांना हे आधी समजावून सांगावे आणि दोन माणसे जास्त लागली तर त्यांची मजुरी ठरवून द्यावी. कमी मजुरीत घाईने काम करून घ्यायचे आणि रेघ उठल्यावर त्यांच्या मजुरीतून कापायचे, हा न्याय नव्हे.

नुकसान झालेच तर लहान ओरखडा त्याच रंगाच्या मेणाच्या कांडीने भरता येतो. खोल खळगा पडला तर भिंतीपासून फळ्या उकलून ती फळी बदलावी लागते. त्यासाठी त्याच खेपेच्या पाच-सहा फळ्या ग्राहकाकडे जपून ठेवायला सांगावे. पुढे तोच रंग बाजारात मिळेलच असे नाही.

कोठे नाही म्हणावे

काही ठिकाणी हे काम घेऊच नये. ज्या किराणा दुकानात पोती व डबे रोज ओढले जातात, जेथे जमीन पाण्याने धुतली जाते, जेथे तळमजल्यात ओल मुरते किंवा वाळवीचा उपद्रव आहे, तेथे लॅमिनेट टिकणार नाही. तेथे टाइल किंवा कोटाच बरा, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे. एक काम हातचे जाईल. परंतु डहाणू किंवा तलासरीसारख्या गावात बिघडलेले एक काम दहा कामे घालविते.

या ठिकाणी आपल्या धर्माची शिकवण थेट व्यवहाराला भिडते. सहीह मुस्लिममध्ये नोंदलेला प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विक्रीस ठेवलेल्या धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण दिले. पाऊस हा त्याचा अपराध नव्हताच, भिजलेला भाग खाली दडवून कोरडा भाग वर दाखविणे हा अपराध होता, आणि अशी फसवणूक करणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आपल्यातला मानले नाही. ओल असलेल्या जमिनीवर चकचकीत फळ्या टाकून मजुरी घेणे हे त्या ढिगाहून वेगळे कसे मानायचे? ओल आपण आणलेली नसते, पण ती दिसल्यावर झाकणे आपल्या हाताने होते.

लिहून द्या, लिहून घ्या

कुरआनातील सूरह अल्-बकराची 282 वी आयत उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याची व साक्षीदार ठेवण्याची शिकवण देते. काम आज, पैसे दोन हप्त्यांत, ही आपल्या धंद्याची नेहमीची रीत असल्याने हे आपल्याला पूर्णपणे लागू पडते. तरीही कारागीर तोंडी बोलीवर काम करतो आणि वाद झाला की त्याच्या हातात कागद नसतो.

एक साधी चिठ्ठी पुरे. तिच्यावर फळीची कंपनी, जाडी व दर्जा, खोलीचे माप, ओल तपासल्याची तारीख व काय आढळले, भिंतीलगत किती जागा सोडली, कोणते सामान आधी बसविले, कोणते कपाट भिंतीला धरले, आणि ग्राहकाने काय पाळावे ते चार ओळींत लिहावे. ओढू नका, पाणी साचू देऊ नका, रबर ठेवू नका, नमदा बदला. रक्कम व हप्ते लिहावेत. दोघांनी सही करावी, एक प्रत प्रत्येकाकडे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 2020 मध्ये अंमलात आला असून, पैसे घेऊन केलेल्या कामातील उणिवेबद्दल ग्राहक जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. ज्याने आपले काम नीट केले व काळजी लेखी सांगितली, त्याला अशा वेळी तीच चिठ्ठी उपयोगी पडते. ज्याची खरोखर चूक असेल त्यानेही त्याच चिठ्ठीप्रमाणे भरपाई द्यावी.

यात व्यवसायाचीही संधी आहे. नापास प्लायचे तुकडे कापून, घासून, रंगवून, खाली नमदा लावून त्यांचे चार-चारचे संच करता येतात. लोखंडी काम करणारे बांधव एल-पट्ट्या भोके पाडून तयार ठेवू शकतात. फळ्या बसविणाऱ्याने हा संच आपल्या दरातच धरावा किंवा वेगळा विकावा. हार्डवेअरच्या दुकानदारानेही तो ठेवावा. टाकाऊ तुकड्यातून दोन पैसे मिळतील, ग्राहकाची जमीन वाचेल, आणि फळ्या बसविणारा, सुतार, हमाल यांच्यात भांडण लागणार नाही.

ग्राहक आपल्या घराची जमीन आपल्या हाती सोपवितो तेव्हा ती अमानत असते. कपाट भिंतीशी उभे राहिले, चारही पायांखाली बैठक आली, वरची पट्टी भिंतीत पक्की झाली आणि चिठ्ठीवर सह्या झाल्या, की काम पूर्ण झाले असे समजावे. फळी बसली म्हणजे काम संपले असे नव्हे. एवढे पाळले तर राहिलेला हप्ता मागायला जाताना मान खाली घालावी लागणार नाही, इन्शाअल्लाह.